ढिगाऱ्याखालच्या दोन रिंगा

मला कमी ऐकू येतं. पुण्याच्या कसब्यात तांब्याची भांडी ठोकण्यात माझा जन्म गेला. तांब्यावर हातोडीने बारीक बारीक खळगे पाडायचे, त्याला आम्ही मठारकाम म्हणतो. दिवसभर कानाशी ठणठण. साठीपर्यंत कान टिकले हेच खूप झालं. बायको म्हणायची, "यांना ऐकू येत नाही असं नाही, माझंच ऐकू येत नाही." तिचं खरं होतं की खोटं, यावर भांडायला आता ती नाही.

लिहिण्याची मला सवय नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. पण भिंत पडली त्या दिवसाबद्दल आमच्या गल्लीत जो तो आपापलं सांगत सुटलाय. त्यात मी कधी ढिगाऱ्याखाली असतो, कधी ढिगाऱ्यावर चढून भाषण देत असतो. म्हणून म्हणलं, एकदा आपलं आपण लिहून टाकावं.

विश्रांतवाडीला आळंदी रस्त्यापासून आत आमची बैठ्या घरांची ओळ आहे. डोक्यावर पत्रा, दोन घरांत मिळून एक भिंत. इकडे फोडणी टाकली की तिकडे ठसका लागतो. मागच्या अंगाला उंचावर एक मोठी सोसायटी आणि तिची माती अडवून धरणारी दगडी भिंत. त्या भिंतीला पोट सुटलं होतं. आम्ही सगळे ते रोज बघायचो, "कुणाला तरी सांगितलं पाहिजे" असं म्हणायचो आणि चहा प्यायला निघून जायचो.

माझं घर कडेला, त्याला लागून वहिनींचं. त्यांचे यजमान माझ्याबरोबर दुकानात भांडी ठोकायचे, ते जाऊन पुष्कळ वर्षं झाली. बायकोची आणि वहिनींची घट्ट मैत्री. माझं आणि त्यांचं मात्र कधी जमलं नाही. त्यांची जीभ अशी, की त्यांच्याशी बोलताना मला बहिरेपण म्हणजे देवाची कृपा वाटायची.

बायको श्रावणात गेली. पुढेही मी 'श्रावणात' एवढंच म्हणत राहीन, कारण त्यापलीकडे मला त्यातलं काही लिहिता येत नाही. तेव्हापासून वहिनी दुपारचा डबा माझ्या ओट्यावर आणून ठेवतात. किल्ली त्यांच्याकडे असते. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "खायचा तर खा भावजी, नाहीतर मांजर आहेच." मी खाल्ला. भाजी गरम होती. दुसऱ्या दिवशीही गरम. सकाळी कधीतरी केलेली भाजी दुपारी इतकी गरम कशी, याचा मी माझ्या परीने विचार केला. डबा उचलून पाहिला, नखाने वाजवून पाहिला. जाड पत्र्याचा जुना डबा, झाकण घट्ट. म्हणलं, धातू चांगला वापरलाय. पुन्हा त्यावर डोकं चालवलं नाही.

आता फोनाचं सांगतो. मी अजून रोज सकाळी बसने कसब्यात जाऊन जुन्या दुकानात बसतो. काम करत नाही, नवीन पोरांच्या कामाला नावं ठेवतो. दुपारी परत येताना कोपऱ्यावरच्या पानटपरीपाशी आलो की बायकोला मिस कॉल द्यायचो. दोन रिंगा झाल्या की बंद करायचा. म्हणजे चहाचं आधण चढवा. मुलगा परगावी असतो, तो म्हणायचा, "बाबा, आता फोन फुकट असतो, उचलून बोला की." त्यावर ती म्हणायची, "बोलून काय करू? त्यांना ऐकू कुठं येतंय!"

ती गेल्यावर मुलगा म्हणाला, आईचा नंबर बंद करून टाकू. मी हो म्हणलं आणि केला नाही. तिचा फोन मिसळणाच्या डब्याशेजारी, ती ठेवायची तिथंच ठेवला. रात्री चार्जिंगला लावायचो. दुपारी पानटपरीपाशी आलो की बोट आपसूक तिच्या नावावर जायचं. दोन रिंगा, बंद. मग घरी येऊन चहा मीच टाकायचो. माणूस आलंय हे घराला कळवलेलं बरं, असं काहीतरी. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात? म्हातारा मेलेल्या बायकोला फोन लावतो, एवढंच की.

गणपती होऊन गेल्यावर पावसाने पुन्हा जोर धरला होता. त्या दिवशी जरा उघडीप होती. मी बसमधून उतरलो, टपरीपाशी आलो, दोन रिंगा दिल्या, फोन खिशात टाकला आणि सावकाश गल्लीत वळलो. अग्निशमनाच्या आणखी दोन गाड्या भोंगे वाजवत माझ्या अंगावरून गेल्या, असं टपरीवाला नंतर सांगत होता. गेल्या असतील.

वळणापलीकडे बघतो तर ही गर्दी. पोटवाली भिंत आमच्या दोन घरांवर येऊन आडवी झाली होती. माती, दगड, पत्रे, वरच्या सोसायटीचं एक शोभेचं झाड मुळासकट. आणि त्यावर हेल्मेट घातलेले जवान माझ्या स्वयंपाकघराच्या जागी हातांनी दगड काढत होते.

मला बघून समोरच्या घरातली बाई किंचाळली, "अहो काका, तुम्ही बाहेर?"

"मग कुठं असू?"

"अहो, तुम्हालाच तर काढतायत!"

मला काढत होते! मी बाहेर उभा राहून मला काढताना बघत होतो. म्हणलं, "काढू द्या. सापडलो तर मलाही सांगा."

पण माझं हसू तिथंच संपलं. कारण ती बाई एकदम पांढरी पडून म्हणाली, "तुम्ही बाहेर, तर आत फोन कुणाचा वाजला? वहिनीच असणार. डबा ठेवायला गेल्या असतील. त्या कुठंच दिसत नाहीयेत."

झालं होतं असं. सुटकेची माणसं आली ती यंत्रांची पेटारी घेऊन. पहिल्यांदा त्यांनी चार पंख्यांचं ड्रोन उडवलं. वरून सगळं दिसतं म्हणे. पण आमच्या गल्लीच्या वर आभाळ कुठं आहे? केबलच्या आणि इंटरनेटच्या तारांचं जाळं आहे. ते ड्रोन त्यात जाऊन अडकलं आणि केबलवाला धावत आला. "तार तुटली तर भरून कोण देणार?" मग कुत्रं आणलं. कुत्रं हुशार, शिकलेलं, पट्ट्यावर बिल्ला. पण आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना बाहेरचा अधिकारी मान्य नव्हता. ते हुंगायला खाली वाकलं की चहूबाजूंनी ही भुंकाभुंक. मग श्वास ओळखणारी पेटी काढली. ती मातीतून, दगडातून माणसाचा श्वास टिपते, पण मध्ये लोखंडी पत्रा आला की आंधळी होते. आणि आमची तर घरंच पत्र्याची. तरी एकदा तिने श्वास दाखवला. तो ढिगाऱ्याच्या कडेला वाकून फोटो काढणाऱ्या एका इसमाचा निघाला.

शेवटी एका मिशीवाल्या जवानाने कानाला मोठे हेडफोन लावले, जमिनीवर चकत्यांसारखी यंत्रं मांडली आणि ऐकत बसला. आणि त्याला ऐकू आलं. माझ्या स्वयंपाकघराखालून फोनच्या दोन रिंगा आल्या आणि थांबल्या. तो हात वर करून ओरडला, "फोन कट केला! आत माणूस शुद्धीवर आहे!"

कट मी केला होता. पानटपरीपाशी उभा राहून.

हे सगळं कोडं मला लगेच उलगडलं असं नाही. मी पुढं गेलो तेव्हा त्यांनी फटीतून एक लांब नळी आत सोडली होती. तिच्या टोकाला कॅमेरा आणि दिवा, आणि बाहेर जवानाच्या हातात छोटा पडदा. मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. माझंच स्वयंपाकघर, पण टीव्हीवर. अर्धा ओटा मातीखाली गेलेला. उरलेल्या अर्ध्यावर फळी, भांडी, धूळ.

माझ्या शेजारी समोरची बाईही डोकावत होती. ती एकदम म्हणाली, "थांबा थांबा, मागं घ्या! ते माझं इडलीपात्र! दोन वर्षं झाली शोधतेय मी!"

जवान म्हणाला, "ताई, आम्ही माणूस शोधतोय."

"शोधा ना. मी कुठं नको म्हणतेय? फक्त तेवढं लक्षात ठेवा, खालून दुसऱ्या फळीवर आहे."

नळी पुढं सरकली आणि मिसळणाच्या डब्याशेजारी फोन दिसला. आकाशी रंगाचं कव्हर, त्यावर तिने चिकटवलेली मोराची टिकली. फोनाचा पडदा मधूनमधून उजळत होता. एक मिस कॉल.

जवानाने विचारलं, "हा फोन कुणाचा? वहिनींचा?"

कुणालाच माहीत नव्हतं. एक म्हणे, वहिनींचाच असणार. दुसरा म्हणे, मातीखाली गेलेल्या अर्ध्या भागात त्या असतील, फोन हातातून निसटला असेल. जवानाने मान हलवली आणि बाकीच्यांना खूण केली, इथंच खणायचं. सगळे तिथं जमले. आणि वहिनींचं घर, माझ्या घराला लागून पडलेलं, तसंच पडून राहिलं. तिथं एकही माणूस खणत नव्हता.

मला सांगायलाच हवं होतं. एका वाक्याचं काम. पण समोर सगळी गल्ली. त्यात केबलवाला, त्यात टपरीवाला, ज्याच्या समोर उभा राहून मी रोज फोन लावायचो. आणि खरं सांगू, लाजेचा भाग थोडाच होता. श्रावणापासून तिच्याबद्दलचा तो एक शब्द मी माझ्या तोंडाने काढला नव्हता. नातेवाइकांना मुलाने कळवलं. दुकानात वहिनींच्या पोरीने कळवलं. मला कुणी विचारलं, घरी कोण असतं, तर मी ऐकू आलं नाही असं दाखवायचो. तेवढी सोय बहिरेपणात आहे.

जवानाने पहिला मोठा दगड हलवला तशी मी ओरडलो, "तिथं कुणी नाही! तो माझ्या बायकोचा फोन आहे!"

तो वळला. "मग काकू आत आहेत?"

"नाही."

"काका, नीट सांगा. काकू कुठं आहेत?"

"गेली ती. मेली. श्रावणात." माझा आवाज मुळात मोठा, त्यात तो चिरकला. "फोन मी चालू ठेवलाय. कोपऱ्यावरून मीच लावतो रोज. आत्ता वाजला तो मीच लावला होता. तिथं कुणी नाही. वहिनींच्या घरात बघा."

मला वाटलं, आता हसतील. समोरची बाई हळूच म्हणाली, "तरीच रोज दुपारी वाजतो तो! मला वाटायचं, तुम्ही घरातच आहात आणि तुम्हाला ऐकू येत नाहीये. दोनदा दार वाजवायला आले होते, काका फोन घ्या म्हणून."

जवानाने माझ्या दंडावर हात ठेवला, मग सगळी यंत्रं उचलून वहिनींच्या बाजूला मांडली. हेडफोन चढवले आणि म्हणाला, "आता पूर्ण शांतता हवी. कुणी हलायचं नाही."

पुण्यातल्या गल्लीला गप्प बसा म्हणणं सोपं आहे. एक म्हणाला, शांत राहा. दुसरा म्हणाला, अहो तुम्ही आधी गप्प बसा. तिसरा त्या दोघांना शांततेचं महत्त्व समजावू लागला. वरच्या सोसायटीतून एक साहेब कठड्यावर येऊन विचारू लागले, आमच्या पार्किंगला धोका आहे का? कुणाच्या तरी फोनावर आरती सुरू झाली आणि ती बंद करायला त्याला चष्मा सापडेना. ते सगळं एकदाचं थांबलं, तेव्हा मी समोरच्या बाईच्या कानात हळूच विचारलं, "काही ऐकू येतंय का त्याला?"

जवानाने दोन्ही हातांनी हेडफोन ओढून काढले. "काका! तुम्ही बोललात होय? मला वाटलं आत काहीतरी फुटलं."

माझी कुजबूज लोकांच्या हाकेएवढी असते, हे मला बायकोने पुष्कळदा सांगितलं होतं. समोरच्या बाईने कमरेच्या पिशवीतून पेपरमिंटची गोळी काढून माझ्या तोंडात कोंबली आणि वर आपला हात ठेवला. मग खरी शांतता झाली. कुत्रीसुद्धा गप्प बसली. मला त्या शांततेतलं अर्थातच काही कळत नव्हतं. मी त्या जवानाच्या मिशीकडे बघत होतो. बायकोचं बोलणं ऐकू आलं नाही की तिच्या तोंडाकडे बघायचो, तसा.

मिशी हलली. त्याने एक बोट वर केलं, मग जमिनीकडे दाखवलं. मोरीच्या बाजूला ठोकल्याचा आवाज. थांबून थांबून, पण ठोकल्याचाच.

त्यांनी तिथं दुसरी नळी सोडली, तिला ऐकायची सोय होती. जवानाने कान लावला. त्याचा चेहरा आधी गंभीर झाला, मग त्याला हसू आवरेना. त्याने वर बघून विचारलं, "तुमच्यात भावजी कोण?"

मी गोळीसकट हात वर केला.

"आजी म्हणतायत, भावजी आलेत ते मला माहितीये. त्यांना म्हणावं, पत्र्यावर उभं राहू नका, आधीच वाकलाय."

मी पत्र्यावर उभा होतो. खाली उतरलो.

त्यांना काढायला पुष्कळ वेळ लागला. यंत्रांनी जागा दाखवली, पुढचं काम हातांनी आणि लोखंडी पहारींनी झालं, एकेक दगड विचारून विचारून. वरचा माळा तिरका येऊन मोरीच्या कठड्यावर टेकला होता आणि त्याखाली त्या अंग चोरून बसल्या होत्या. पाय मोडला होता. हातात तांब्या, मीच कधीतरी ठोकून दिलेला. तो बादलीवर आपटून आपटून त्याला पोचे आले होते. स्ट्रेचरवरून नेताना तो माझ्या हातात देत म्हणाल्या, "नीट करून द्या. तुमचंच काम आहे, म्हणून एवढा लवकर चेपला."

मी उत्तर देणार होतो. पण माझ्या तोंडात एव्हाना तिसरी गोळी होती आणि डोळ्यांत भलतंच काहीतरी.

दुसऱ्या दिवशी मोठ्या यंत्राने ढिगारा भरून नेला. मी तिथंच उभा होतो. इडलीपात्र निघालं, ते समोरच्या बाईने चेपलेलं असूनही छातीशी धरून नेलं. फोन निघाला नाही. मिशीवाल्या जवानाने स्वतः खाली उतरून बघितलं, मिसळणाचा डबा आणून दिला, फोन काही मिळाला नाही. मी लावून बघितला. एक बाई म्हणाली की हा नंबर बंद आहे. ती फार सभ्यपणे म्हणाली, पण तेच म्हणाली.

आम्हाला तात्पुरतं शाळेच्या खोल्यांत ठेवलंय. वहिनी दवाखान्यात, पाय प्लास्टरमध्ये. त्यांची मुलगी नोकरीवर जाते तेव्हा दिवसभर मी त्यांच्याजवळ बसतो. आम्ही भांडतो. शेजारच्या खाटांवरच्या बायकांचा वेळ बरा जातो.

एकदा जेवताना मी सहज म्हणलं, "वहिनी, दवाखान्याची भाजी गार असते. तुमचा डबा मात्र चांगला होता हो. धातू जाड."

त्यांनी घास खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुठल्या तरी नव्या जातीचं गाढव आहे. "भावजी, डब्याने भाजी गरम राहते होय?"

"मग?"

"दोन रिंगा वाजल्या की मी गॅस लावायचे. तुम्ही टपरीवरून घरी येईपर्यंत भाजी गरम करून ओट्यावर ठेवायची आणि मागच्या दाराने निघून जायचं. भिंत एकच आहे आपली. तुमची बायको होती तेव्हाही तिचा चहा आणि माझी भाजी एकाच वेळी चढायची."

श्रावणापासून मला वाटत होतं की त्या रिंगा कुणालाच लागत नाहीत.

"कधी बोलला नाहीत ते?"

"बोलले असते तर तुम्ही लाजून बंद केलं असतंत. मग गार खाल्लं असतंत." मग त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "त्या दिवशी अंधारात किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. ओरडून घसा बसला होता, म्हणून नाद सोडला होता. तेवढ्यात रिंगा वाजल्या. म्हणलं, भावजी आले. आता हा माणूस बाहेर गोंधळ घालणार. मग उचलला तांब्या."

म्हणजे ज्या रिंगांनी त्या जवानाला भलतीकडे खणायला लावलं, त्याच रिंगांनी वहिनींना ठोकायला लावलं. जवानाला सांगितलं पाहिजे हे. नाहीतर नको. तो पुढच्या वेळी यंत्रांऐवजी मलाच बोलवायचा.

मी म्हणलं, "आता तो नंबर बंद झाला, वहिनी."

"माहितीये."

त्यांनी उशीखालून आपला फोन काढला. "तुमचा नंबर सांगा. इथला चहा म्हणजे कोमट पाणी असतं. मला तल्लफ आली की मिस कॉल देईन. फाटकाबाहेरच्या टपरीवरून आणायचा, साखर कमी. आणि उचलायचा नाही हं. तुमच्याशी फोनवर बोलायची ताकद माझ्यात नाही."

माझ्या फोनाची रिंग मोठी असल्याने सिस्टर वैतागली होती, तिने तो नुसता थरथरेल असा करून दिलाय. सदऱ्याच्या खिशात ठेवतो. काल मी दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसून त्या तांब्याचे पोचे काढत होतो. एकाएकी छातीवर थरथरलं. पुन्हा एकदा थरथरलं आणि थांबलं.

हातोडी ठेवली, चपला घातल्या आणि चहा सांगायला गेलो.